सात नंबरच्या सहा बास्केट

परवा वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल खेळाडूचा तक्ता छापून आला होता. त्याने गुण किती केले, बोर्डवरून उडालेले चेंडू किती पकडले आणि ज्यांवर बास्केट झाली असे पास किती दिले, असे तीन रकाने. तिन्हींत दहा किंवा त्याहून जास्त आकडा आला की त्याला ट्रिपल डबल म्हणतात म्हणे. कोणी किती वेळा केलं याच्या याद्या असतात, याद्यांचे विक्रम असतात आणि ते विक्रम मोडले की मोडणाऱ्याला मैदानातच मिठ्या मारतात. त्या दिवशी त्याचा संघ जिंकला की हरला, हे मात्र मला साऱ्या बातमीत कुठेही सापडलं नाही. दोनदा वाचली.

मी स्वतः यादीशिवाय बाजाराची पिशवी उचलत नाही. घरात वाणसामानाची, दुरुस्त्यांची, दिलेल्या भांड्यांची आणि परत आलेल्या भांड्यांची यादी असते. तेव्हा याद्या करणाऱ्यांवर माझा राग नाही. यादी कशासाठी करतोय हे विसरलेल्या माणसांवर आहे, आणि अशी माणसं मी या वर्तमानपत्राच्या कितीतरी आधी लोणावळ्यात पाहिली आहेत. तीन रकान्यांचं हे खूळ आमच्याकडे सत्तर सालच्या आसपासच येऊन गेलं. त्याला तेव्हा नाव नव्हतं, एवढंच.

मी त्या वेळी एका शाळेच्या ऑफिसात कारकून होते. माझा धाकटा भाऊ रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होता आणि रेल्वे कॉलनीजवळच्या सिमेंटच्या कोर्टावर बास्केटबॉल खेळायचा. त्यांच्या संघाचे टॉवेल हरवायचे, जर्सी अदलाबदल व्हायच्या, मॅचला गेल्यावर शिट्टी घरी राहिल्याचं कळायचं. एकदा लिंबं कापायला सुरी नाही म्हणून पाच धट्टीकट्टी माणसं दातांनी लिंबं सोलताना मी पाहिली आणि त्या दिवसापासून संघाचं सामान माझ्या ताब्यात घेतलं. सामानामागून गुणांचा तक्ताही आला, कारण माझं अक्षर वाचता येत असे आणि भावाचं त्याला स्वतःलाही वाचता येत नसे. बाईमाणसाने कोर्टाच्या टेबलावर बसावं का, अशी कुजबुज थोडे दिवस झाली. पण सुरी वेळेवर मिळायला लागल्यावर ती थांबली.

या गोष्टीत नावं नकोत. जर्सीवरचे नंबर पुरतात. बास्केटबॉलमध्ये नंबर चारपासून सुरू होत, आणि चार नंबर कप्तानाचा. आमचा कप्तान बी.ए. झालेला होता, त्याच्या वडिलांचं बाजारपेठेत उतारूंचं हॉटेल होतं आणि त्याचे केस पावसातसुद्धा जागेवर राहत. खेळायचा छान, हे मान्य करते. नऊ नंबर माझा भाऊ. सात नंबर भाजे गावचा. घरची थोडी भातखाचरं, बाकीचे दिवस मिळेल तिथे मजुरी, बहुतेक रेल्वेच्या रुळांवर खडी ओढायची. तो उंच होता, हात लांब होते, आणि चेंडू हातात आला की आपल्यापेक्षा बऱ्या जागी कोण उभा आहे हे तो आधी बघायचा. कप्तान चेंडू आला की फक्त रिंग बघायचा. बाकीचे दोघे रेल्वेतले होते आणि भाऊ म्हणेल तसं करायचे, म्हणून त्यांचं वेगळं काही सांगत नाही.

पंधरा ऑगस्टला धरून आमच्याकडे दर वर्षी सामने व्हायचे. ऑगस्टात लोणावळ्याला सामने भरवायची कल्पना ज्याची होती त्याने बहुधा ऑगस्टात लोणावळा पाहिला नसावा. पाऊस उघडला की खराट्याने पाणी लोटून खेळ सुरू करायचा, आणि पाऊस उघडला की धुकं उतरायचं. मी कोर्टाच्या मध्यावर टेबल लावून बसे. तिथून दोन्ही टोकांच्या बास्केट दिसत नसत. माणसं धुक्यात पळत जात, बोर्डवर चेंडू आपटल्याचा आवाज येई, पंचाची शिट्टी वाजे, आणि बास्केट झाली हे कळे. कोणी केली ते कळत नसे. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. ज्याने बास्केट केली त्याने स्वतःचा नंबर मोठ्याने सांगायचा. सांगितला तो मी लिहायचा. बाहेरगावचे संघ पहिल्यांदा हसायचे, मग तेही ओरडायला लागायचे. या रीतीवर इतक्या वर्षांत कधी भांडण झालं नव्हतं, कारण कोणी किती केल्या याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. कोणता संघ जिंकला तेवढंच संध्याकाळी चहाला सांगितलं जायचं.

मग त्या वर्षी साहेब आले.

तळेगावच्या एका कारखान्यात ते कामगारांच्या भरतीचं बघायचे. परदेशात काही महिने शिकून आले होते, आणि तिथून मोजण्याचं वेड घेऊन आले होते. कारखान्याचा बास्केटबॉल संघ करायचा होता. त्यासाठी एक खेळाडू कायम नोकरीवर घेणार, आणि तो वशिल्याने न घेता शास्त्रीय पद्धतीने घेणार, असं त्यांनी आम्हाला सगळ्यांना उभं करून सांगितलं. शास्त्रीय पद्धत म्हणजे तेच तीन रकाने: गुण, बोर्डवरून पकडलेले चेंडू आणि पास. एकाच सामन्यात तिन्हींत दहा गाठणारा खेळाडू सर्वगुणसंपन्न. तक्ता मी ठेवायचा. पासाचा नियम त्यांनी विशेष कडक केला: चेंडू मिळाल्यावर समोरच्याने लगेच टाकला तरच देणाऱ्याचा पास धरायचा. मध्ये त्याने एक जरी टप्पा मारला, तरी धरायचा नाही. धुक्याची अडचण मी सांगितली. त्यावर, आता नंबराबरोबर पास देणाऱ्याचाही नंबर सांगायचा, म्हणजे ‘नऊ, सातनं दिला’ असं, असं ठरलं. बोर्डवरचा चेंडू पकडणाऱ्यानेही ‘बोर्ड’ म्हणून आपला नंबर ओरडायचा. म्हणजे कोर्टावर पूर्वी खेळ चालायचा, आता लिलाव सुरू झाला.

सात नंबरला ती नोकरी हवी होती. हवी होती म्हणजे किती, तर वराळ्याच्या एका घरी त्याचं लग्न बोलून ठेवलेलं होतं. मुलीच्या वडिलांना पोरगा पसंत होता, पोरीलाही होता. पण आज खडी आणि उद्या घरी, अशा माणसाला मुलगी द्यायची नाही, यावर म्हातारा ठाम होता. कायमची नोकरी दिवाळीच्या आत लागली तर ठीक, नाहीतर दुसरं स्थळ बघणार. यात त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

कप्तानाला नोकरी नकोच होती. त्याने तसं सर्वांसमोर सांगितलं: हॉटेल कोण बघणार? पण तिन्ही रकाने भरायचे मात्र होते. तालुक्यात पहिल्यांदा हे आपण केलं असं व्हायला पाहिजे, पुण्याच्या पेपरात तसं आलं पाहिजे. एखाद्याला भूक नाही आणि ताटही सोडायचं नाही, अशातली गत.

पहिल्या दोन सामन्यांत काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. सगळे रकान्यांसाठी खेळले. पासाचा आकडा वाढावा म्हणून प्रत्येक जण पास देई, आणि ज्याला मिळे तो टाकायच्या ऐवजी आपला आकडा वाढावा म्हणून पुढे पास देई. चेंडू आमच्या पाच जणांत हळदीकुंकवाच्या वाणासारखा फिरत राही. ज्यांना नोकऱ्या होत्या त्यांनाही हे खूळ लागलं. घरी जेवताना भावाने मला विचारलं, “ताई, माझे बोर्ड किती झाले?” मी त्याला ताटातली भाजी संपव म्हटलं.

शेवटी सात नंबरनेच तोड काढली. मावळात भातलावणीला सावड असते. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या सगळ्यांनी मिळून माझं. मजुरी कोणी कोणाला देत नाही. ज्याने हात घेतले त्याने हात द्यायचे. त्याने कप्तानाला टेबलाजवळच, माझ्यासमोर सांगितलं, “उपांत्य सामना तुमचा. आमी सगळी तुमचं रकानं भरू. फायनल माजी. लावणीला करतो तसं. तुमाला रेकाड पायजे, मला नोकरी. भांडाण कुटं हाय?”

कप्तानाने त्याच्या हातावर हात मारला. “तुझी फायनल. शब्द दिला.”

उपांत्य सामना खोपोलीच्या एका कच्च्या संघाशी होता, आणि त्या दिवशी धुकं विरळ होतं. आमच्या चौघांनी कप्तानाची लावणी केली. तो टाकायचा तेव्हा बाकीचे बाजूला व्हायचे, तो पास द्यायचा तेव्हा ज्याला मिळेल तो टप्पा न मारता जिथून असेल तिथून रिंगवर टाकायचा, आणि पडला नाही तर सात नंबर खालून पकडून पुन्हा कप्तानाच्या हातात द्यायचा. शेवटी बोर्डचा रकाना भरेना, तेव्हा कप्तान रिंगखाली उभा राहून चेंडू मुद्दाम बोर्डवर आपटायचा आणि स्वतःच पकडायचा. आपटायचा, पकडायचा, ‘बोर्ड, चार!’ ओरडायचा. भिंतीशी खेळणाऱ्या एकुलत्या एक मुलासारखा. खोपोलीची माणसं कमरेवर हात ठेवून बघत होती. रकाने भरले. साहेबांनी उठून टाळ्या वाजवल्या आणि तिथेच नोकरी देऊ केली. कप्तान म्हणाला, वडिलांचा धंदा आहे, क्षमा करा. तेव्हा साहेबांनी जाहीर केलं की फायनलमध्ये आणखी कोणी तीन रकाने भरले तर जागा त्याची, नाहीतर पुण्याच्या संघातला एक जण त्यांच्या नजरेत होता.

म्हणजे सात नंबरचं सगळं त्या एका सामन्यावर आलं. त्याला ते माहीत होतं, आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि वराळ्याचा म्हातारासुद्धा छत्री घेऊन आला होता. खेळातलं त्याला काही कळत नव्हतं. त्याने मला टेबलाशी येऊन विचारलं, “बाई, आज ठरायचं न्हवं?” मी म्हटलं, “हो, आबा, आज ठरायचं.” मग तो पायऱ्यांवर जाऊन बसला. त्यानंतर त्याला बहुधा काहीच दिसलं नाही, कारण शिट्टी वाजायच्या सुमारास धुकं असं उतरलं की मला माझ्याच टेबलाची दुसरी कड पुसट दिसायला लागली. साहेब मफलर गुंडाळून माझ्या शेजारी बसले होते. पुढचा सगळा सामना आम्ही दोघांनी कानांनी पाहिला.

पुण्याचा संघ चांगला होता. सात नंबर त्याहून चांगला खेळला. आवाज येत राहिले: ‘नऊ, सातनं दिला.’ ‘सात!’ ‘बोर्ड, सात!’ मध्यंतरापर्यंत त्याचे रकाने नीट चढत होते. पण मला एक गोष्ट खटकत होती. कप्तानाच्या बास्केट होत होत्या, आणि तो नुसतं ‘चार!’ असं ओरडत होता. देणाऱ्याचा नंबर नाही. कान देऊन ऐकल्यावर कळलं. चेंडू त्याच्या हातात पोचल्याचा थप्प असा आवाज यायचा, मग सिमेंटवर एक टप्पा, आणि मग बोर्ड. रिंगखाली एकटा उभा असतानासुद्धा टप्पा. त्या एका टप्प्याने सात नंबरचा पास जात होता. दर वेळी.

का, ते मला नंतर त्याच्याच तोंडून ऐकायला मिळालं, पण मला तिथे बसूनही अंदाज आला होता. एकाने केलं की विक्रम. दोघांनी केलं की विक्रम उरत नाही, नुसती चांगली खेळी उरते. त्याचं खाचर लावून झालं होतं, आणि आता दुसऱ्याच्या खाचरात पाय घालायचा तर त्याचे बूट भरत होते.

उत्तरार्ध अर्धा सरला तेव्हा माझ्या कागदावर सात नंबरचे गुणांचे बारा होते, म्हणजे सहा बास्केट. बोर्डचा रकाना भरला होता. पासांचे नऊ होते. एक पास हवा होता. फक्त एक.

तेवढ्यात आमच्या संघाने विश्रांती मागितली. मी लिंबं दिली. तिघे एका बाजूला, कप्तान दुसऱ्या बाजूला, हे मला धुक्यातही दिसलं. माझा भाऊ बाकीच्यांना काही सांगत होता. सात नंबर जरा लांब वाकून बुटांची नाडी बांधत होता, त्याने काही ऐकलं नसावं. मग शिट्टी झाली आणि सगळे पुन्हा पांढऱ्यात गेले.

पहिली बास्केट झाली. ‘सात!’ असा आवाज आला. तो आवाज माझ्या भावाचा होता. जन्मापासून ऐकत आलेला आवाज धुक्यात चुकत नाही. दुसरी बास्केट, ‘सात!’, तो दुसऱ्या रेल्वेवाल्याचा. तिसरी, पुन्हा भाऊ. कप्तानाच्या हातात त्यांनी चेंडू देणंच बंद केलं होतं. तो कुठेतरी हात वर करून ‘इकडे, इकडे’ म्हणत होता. आणि बाकीचे टाकत होते, आणि प्रत्येक बास्केट सात नंबरच्या नावावर लावत होते.

त्यांना वाटलं, कप्तानाने याचं मारलंय ना, मग आपण याचं भरून देऊ. ढिगाने देऊ. एकाच्याही डोक्यात हे आलं नाही की गुणांचा रकाना कधीच भरला होता. हवा होता तो पास. आणि स्वतः केलेल्या बास्केटचा पास स्वतःला मिळत नाही. सात नंबर त्यांना पास देत होता, ते टप्पा न मारता टाकत होते, बास्केट होत होती, म्हणजे दहावा पास झाला होता, अकरावा झाला होता, बारावा झाला होता. आणि प्रत्येक वेळी ही तीन शहाणी माणसं ओरडून तो पुसत होती.

सात नंबरच्या ते लक्षात आलं. त्याचा आवाज यायला लागला, आधी साधा, मग घसा ताणून. “न्हाई! नऊ! नऊनं टाकली, सातनं दिला!” पण रीत अशी की ज्याने टाकली त्याने सांगायचं, दुसऱ्याने नाही. मी रीतीप्रमाणे लिहीत होते. टेबलावरच्या माणसाने खेळाडूंशी बोलायचं नसतं, आणि साहेब माझ्या कोपराला कोपर लावून बसले होते.

साहेबांचा चेहरा उजळत चालला होता. ते मला हळूच म्हणाले, “ऐकलंत? स्वतः बास्केट करतो आणि नाव दुसऱ्याला देतोय. किती निगर्वी मुलगा आहे.”

मी पुढचा आकडा लिहिला.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा आमचे लोक धुक्यातून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आले. सात नंबर मागे होता, त्याचा चेहरा पाहवत नव्हता. भावाने मला डोळा मारला. मी त्याला सांगितलं की आपण एका बास्केटने हरलो आहोत. त्याने वळून गुणफलकाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर शेवटची शिट्टी होईपर्यंत तिकडे आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. कप पुण्याला गेला. आमच्याकडे रकाने राहिले.

साहेबांनी कागद हातात घेतला. गुणांवर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ तिथून हललं नाही. तो आकडा मी इथे लिहीत नाही. लिहिला की लोक पुन्हा तोच पाठ करत बसतील.

“पास नऊच?” त्यांनी विचारलं.

“नऊच.”

“म्हणजे तिसरा रकाना नाही भरला.” ते कागदाची घडी घालायला लागले. “पण एका माणसाचे एवढे गुण! या भागात कोणी केले नसतील. रेकॉर्डच आहे हे.” आणि त्यांनी सात नंबरला हाक मारली.

असा त्या शास्त्रीय पद्धतीचा शेवट झाला. दहा दिवस ज्या तीन रकान्यांसाठी सगळ्यांनी खेळाचा विचका केला, ते एक मोठा आकडा दिसल्याबरोबर साहेबांनी घडी घालून खिशात टाकले. सात नंबर पुढे आला. तो बोलायला गेला, “साहेब, त्या समद्या माज्या न्हाईत—” तर साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि निगर्वी हा शब्द पुन्हा वापरला. पायऱ्यांवरून वराळ्याचा म्हातारा छत्री मिटून उठला आणि मला म्हणाला, “ठरलं न्हवं?” मी ठरलं म्हणून सांगितलं.

सगळे पांगल्यावर कप्तान टेबलाशी आला. केस जागेवर होते. म्हणाला, “हे खोटं आहे. त्याच्या नावावरच्या अर्ध्या बास्केट त्याच्या नाहीत. तुम्ही साहेबांना सांगायला हवं. माझ्या रेकॉर्डला काय अर्थ राहिला?”

“तुमच्या रेकॉर्डला कोणी हात लावलेला नाही,” मी म्हटलं. “तीन रकाने तुमच्या एकट्याचे.”

“दोघांचं झालं असतं तर ते रेकॉर्ड कसलं? पण आता लोक याचंच बोलणार.”

“मग चला साहेबांकडे. कोणी कोणाचा नंबर सांगितला ते मी सांगते. तुमच्या टप्प्यांचंही सांगते.”

तो गेला. साहेबांकडे नव्हे, घराकडे.

घरी मी भावाला समोर बसवलं. “अरे, त्याला एक पास हवा होता. एक. तू आपला नंबर सांगून ‘सातनं दिला’ म्हणाला असतास तरी काम झालं असतं.”

तो टॉवेलने डोकं पुसत राहिला. “आम्हाला वाटलं, जास्त झालेलं बरं.”

रेल्वेत मालाचा हिशेब ठेवणारा माणूस हा. मी त्याला वाढलं.

सात नंबर तळेगावला कामाला लागला आणि कारखान्याच्या संघातून खेळायला लागला. तिथे ऊन होतं, कोर्ट स्वच्छ दिसायचं आणि नंबर ओरडायची रीत नव्हती. साहेब पाहुण्यांना घेऊन रेकॉर्ड करणारा माणूस दाखवायला बसायचे, आणि तो माणूस सामनाभर दुसऱ्यांना चेंडू देत फिरायचा. साहेबांनी आधी बूट बदलून दिले, मग कँटीनमधून दूध सुरू केलं, मग तळेगावची हवा मानवत नसावी असं ठरवलं. संघ जिंकत होता, त्याचं कारण त्यांनी कशात शोधलं मला माहीत नाही. कायम करायची वेळ आली तेव्हा सात नंबर घाबरला होता. आता कोणी विचारलं, तर? कोणी विचारलं नाही. कायम करायच्या कागदावर हजेरी होती, वागणूक होती, कामाचा उरक होता. बास्केटचा रकानाच नव्हता.

लग्न वराळ्याला झालं. मी आणि भाऊ गेलो होतो. साहेबही आले होते आणि मांडवात सगळ्यांना आकडा सांगत होते. जेवायला बसण्याआधी म्हाताऱ्याने जावयाला बाजूला घेतलं. मी आहेराची नोंद करत जवळच बसले होते, कारण तिथेही तो गोंधळ कोणीतरी आवरायला हवाच होता.

“जावईबापू, साहेब सांगत्यात तेवढ्या समद्या तुमीच टाकल्या?”

“न्हाई, आबा. म्या सहा.”

“आन् बाकीच्या?”

“सावडीच्या.”

“मग फेडायला लागत्याल.”

“व्हय.”

तेवढंच. मुलीच्या बापाला रागही आला नाही, आश्चर्यही वाटलं नाही. साहेबांना जे पाच वाक्यांत समजावता आलं नसतं, ते त्याला एका शब्दात समजलं आणि तो पंगत बघायला गेला.

माझ्या भावाला शेत नाही. तेव्हा सात नंबरने स्वतःच ठरवलं की तो दर वर्षी मेच्या शेवटी आमच्या घराची कौलं शाकारायला येणार आणि पावसाच्या बाजूला ताडपत्री बांधून देणार. बाकीच्या दोघांचं तो काय करतो मला ठाऊक नाही, पण काही ना काही करत असणार. भावाची बदली झाली, मी एकटीच या घरात राहिले, तरी तो येतो. मी दोन वेळा पुरे म्हणून पाहिलं. ऐकत नाही.

गेल्या मे महिन्यात तो असाच शिडीवर होता आणि कप्तान आला. पुष्कळ वर्षांनी. केस आता थोडे आहेत, पण जागेवर आहेत. आमच्या जुन्या सामन्यांची स्मरणिका निघणार होती आणि त्याला माझ्याकडून लेखी हवं होतं, की तीन रकान्यांचा तो पराक्रम त्या सामन्यांत त्याच्या एकट्याचाच होता, दुसऱ्या कोणाचा नाही. लोक दुसऱ्याच आकड्याचं बोलतात, म्हणाला. हे बोलताना त्याने वर बघितलं नाही.

मी लगेच लिहून दिलं. खरंच होतं ते, तर अडचण कसली? ‘एकट्याचाच’ या शब्दाखाली त्याने रेघ मारायला सांगितली, तीही मारली. त्याने कागद दोनदा वाचला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि जायला निघाला. दारात शिडीखाली ताडपत्रीची दोरी पडली होती.

वरून सात नंबर म्हणाला, “कप्तान, ती दोरी जरा वर द्या की.”

कप्तान घुटमळला. मग वाकून त्याने दोरी उचलली आणि हात लांब करून वर दिली.

“ताई,” सात नंबरने गाठ मारता मारता आत हाक दिली, “लिवून घ्या. चारनं दिला.”

कप्तानाला हसावं की नाही ते कळलं नाही. मी पेन केव्हाच मिटलं होतं.